किल्लेदाराचं अस्वल

फार पूर्वीची गोष्ट आहे. इतकी पूर्वीची, की तेव्हा राज्य कुणाचं होतं हे सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. गोष्ट मात्र उरली आहे. लहानांनी ती ऐकावी, आणि मोठ्यांनीही ऐकावी, आपलं लक्ष नाही असं दाखवत का होईना.

डोंगराळ मुलखाच्या सीमेवर एक गड होता. गडावर पहाऱ्याचे शिपाई होते, त्यांची बायकामुलं होती, गाई-शेळ्या होत्या, आणि या सगळ्यांवर हुकूम चालवणारा एक किल्लेदार होता. त्याचं नाव हैबतराव.

माणूस नावासारखाच होता. उंच, रुंद, मिशा कानापर्यंत गेलेल्या. आवाज असा, की त्याने सदरेवरून हाक मारली तर पार महादरवाजावरचा पहारेकरी दचकून भाला सावरायचा. गडावर त्याच्यासमोर कुणी मोठ्याने हसत नसे. एखादं मूल जेवायला कुरकुर करू लागलं की आई म्हणायची, "घास घे, नाहीतर किल्लेदार येईल." मूल मुकाट्याने घास घ्यायचं.

पण या हैबतरावाचं एक गुपित होतं.

दुपारचं जेवण झालं की तो आपल्या खोलीत जायचा आणि दाराला आतून कडी घालायचा. लोकांना वाटायचं, किल्लेदार सीमेचे नकाशे पाहत असतील, शत्रूचा विचार करत असतील. हैबतराव खरं म्हणजे खिडकीपाशी मांडी घालून बसायचा, डोळे बारीक करून सुईत दोरा ओवायचा, आणि कापडाचे प्राणी शिवायचा.

हे वेड त्याला तरुणपणी लागलं होतं. एका लढाईत त्याच्या पायाला जबर जखम झाली आणि त्याला बरेच दिवस अंथरुणावर पडून राहावं लागलं. शेजारी बसून त्याची बायको सगुणाबाई गोधडी शिवत असे. एके दिवशी कंटाळून त्याने तिच्यापुढचे उरलेले तुकडे ओढून घेतले, तिचीच एक सुई मागितली, आणि संध्याकाळपर्यंत एक शेळी शिवली. शेळीचे चारही पाय वेगवेगळ्या लांबीचे झाले होते. ती उभी राहिना. भिंतीला टेकवली तर हळूच घसरून आडवी व्हायची. पण तिच्याकडे बघता बघता हैबतराव आपली जखम विसरला. त्या रात्री त्याला चांगली झोप लागली.

तेव्हापासून सुई सुटली नाही. जुनी लुगडी, विरलेली धोतरं, फाटलेल्या पागोट्यांचे तुकडे, जे हाती लागेल ते तो जपून ठेवी. आत भरायला सावरीचा कापूस. डोळ्यांना रिठ्याच्या काळ्याभोर बिया. हत्ती झाले, माकडं झाली, कासव झालं. एक वाघ केला, तो मांजरासारखा दिसायला लागला. हैबतरावाने त्याच्या मिशा दोनदा उसवून पुन्हा लावल्या, तरी तो मांजरच राहिला. शिवता शिवता तो त्या प्राण्यांशी बोलायचाही. वाघाला एक आवाज, कासवाला दुसरा, माकडाला तिसरा. सगुणाबाई बाहेर ओसरीवर धान्य निवडत असे आणि बंद दारातून येणारं ते बोलणं ऐकून पदराआड हसत असे.

तयार झालेला प्राणी लगेच पेटीत जायचा. पेटीला कुलूप असायचं.

"एखादा कुणाच्या पोराला द्यावा की," सगुणाबाई म्हणायची. "पेटीत कोंडून काय त्यांची वाढ होणार आहे?"

"वेडी आहेस का?" हैबतराव म्हणायचा. "किल्लेदार बाहुल्या शिवतो हे कळलं तर उद्या माझा हुकूम कोण मानेल? शिपाई तोंडावर हसतील."

त्याच्या या भीतीला एक जुनं कारण होतं. लहान असताना त्याने चिंध्यांचा एक घोडा केला होता. बाप मोठा लढवय्या. त्याने तो घोडा उचलून चुलीत टाकला आणि एवढंच म्हणाला, "तलवार धरायच्या हातात सुई? शोभतं का?" तो जळका वास हैबतरावाच्या नाकातून कधी गेला नाही. म्हणून जितक्या प्रेमाने तो आत बसून शिवायचा, तितकाच बाहेर आल्यावर कडक व्हायचा. आत कुणी मऊ माणूस बसला आहे अशी शंकासुद्धा कुणाला येऊ नये, म्हणून तो कारण नसतानाही ओरडायचा.

अशी बरीच वर्षं गेली.

गडाच्या पश्चिमेला गवताचा मोठा माळ होता आणि माळाच्या टोकाला कडा. कड्याजवळच्या खडकाला एक जुनी भेग पडलेली होती. वरून ती झुडपांत झाकलेली असे, तोंड अरुंद आणि आत खोल अंधार. तिथे तुळसा नावाची एक बाई गवत कापायला जात असे. नवरा वारलेला, पदरात एकच लेक, चार वर्षांची बकुळी. आई गवत कापायची आणि बकुळी शेळीच्या करडामागे धावायची.

त्या दिवशी दुपारी करडू झुडपात शिरलं. बकुळी त्याच्यामागे शिरली. करडू उडी मारून पलीकडे गेलं आणि बकुळी खाली गेली.

तुळसाने किंकाळी ऐकली. विळा टाकून ती धावली. भेगेच्या तोंडाशी पालथी पडून तिने आत पाहिलं, तर खाली, दोन पुरुष उंचीपेक्षाही खोल, भेगेच्या भिंतीतून पुढे आलेला मातीचा एक पाटाएवढा कंगोरा होता. त्याच्यावर बकुळी अंग चोरून बसली होती. एका मुळाला तिने दोन्ही हातांनी गच्च धरलं होतं. कंगोऱ्याखाली नुसता काळोख होता.

हाकाटी झाली. शिपाई धावत आले. त्यांचा म्होरक्या जिवबा हवालदार होता, केस पिकलेला, पण अंगाने काटक आणि जिभेने तिखट. त्याने आत डोकं घालून पाहिलं, खांदे आत जातात का पाहिलं. जात नव्हते. तुळसाने स्वतः उतरायचा प्रयत्न केला. कमरेपर्यंत गेली आणि अडकली. तिला ओढून वर काढताना चार खडे निसटले आणि खाली बकुळीच्या शेजारून गेले. मूल किंचाळलं.

"पहारी आणा, तोंड मोठं करू," एक शिपाई म्हणाला.

"आणि फुटलेला दगड जाईल कुठे?" जिवबा म्हणाला. "पोरीच्या डोक्यात."

"मग दुसरं एखादं लहान पोर दोरीने सोडू."

हे शब्द मागून आलेल्या हैबतरावाने ऐकले. "खबरदार," तो म्हणाला. "एका आईचं वाचवायला दुसरीचं पणाला लावायचं नाही. टोपली आणा. चारी बाजूंनी दोर बांधा. पोर टोपलीत बसली की वर ओढू."

विचार बरोबर होता. गवताची एक मजबूत, भेगेतून जाईल एवढी टोपली आणली, दोर बांधले, हळूहळू खाली सोडली. टोपली कंगोऱ्याला टेकली, अगदी बकुळीच्या गुडघ्याशी.

"बकुळे, टोपलीत बस गं माझी बाय," तुळसा वरून म्हणाली.

बकुळीने डोळे मिटलेलेच ठेवले. "आई, तू ये."

"मला येता येत नाही गं. मूळ सोड आणि टोपलीत बस."

"नाही. मी पडेन."

तिचंही खरं होतं. आधार म्हणून हातात एक मूळ होतं, आणि तेच सोडायला सगळे सांगत होते. तुळसाने विनवलं, जिवबाने गूळ देईन म्हणून सांगितलं, कुणी करडू आणून दाखवलं. पोर हलेना. आणि तिच्या पायांखालची माती कणाकणाने सुटत होती. वर उभ्या असलेल्यांना ती सुटताना ऐकू येत होती.

हैबतरावाचा धीर सुटला. तो भेगेवर वाकला आणि सवयीच्या आवाजात गरजला, "ए पोरी! टोपलीत बस! बस म्हणतो ना!"

आवाज भेगेत घुमला. बकुळी एवढी दचकली की तिचा एक पाय कंगोऱ्यावरून घसरला. मातीचं मोठं ढेकूळ निखळलं. तिने कसाबसा पाय वर घेतला आणि ती रडायचीसुद्धा थांबली. नुसती थरथरत राहिली.

तुळसा वळली. गवत कापणारी बाई, किल्लेदारापुढे कधी मान वर न केलेली. तिने हात जोडले आणि म्हणाली, "सरकार, पाया पडते. तुम्ही बोलू नका. तुमच्या आवाजाने मरेल माझं लेकरू."

किल्लेदाराला गप्प बस म्हणायची हिंमत आजवर कुणी केली नव्हती.

हैबतराव मागे सरला. त्याला राग आला नाही. त्याला त्या थरथरत्या पोरीचे हात दिसत होते. भ्यालेलं मूल हुकूम ऐकत नाही, आमिष ऐकत नाही, आईचंही ऐकत नाही. मग कुणाचं ऐकतं? आणि त्याला एकदम उत्तर सुचलं. सुचलं, आणि त्याच्या कानशिलांवर घाम फुटला. कारण जे करायचं ते इथेच करायचं होतं, सगळ्या शिपायांसमोर.

"दोर तसाच धरून ठेवा," तो जिवबाला म्हणाला. "आवाज करू नका. मी आलो."

आणि तो धावत सुटला. लोक बघत राहिले. एवढा मोठा माणूस असा धावताना कुणी पाहिला नव्हता.

घरी येऊन त्याने पेटीचं कुलूप उघडलं. सगुणाबाई मागोमाग आत आली. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती. हैबतरावाने हत्ती बाजूला सारला, माकड बाजूला सारलं आणि तळातून एक अस्वल काढलं. जुन्या घोंगडीचं काळं, खरखरीत अस्वल, छातीवर धोतराचा पांढरा तुकडा लावलेला, एक कान वाकडा.

ते हातात घेऊन तो उंबऱ्यापर्यंत आला आणि थांबला. पाय पुढे पडेना.

सगुणाबाईला सगळं कळलं. ती म्हणाली, "द्या इकडे. मी नेते. मीच शिवलंय म्हणून सांगेन. तुमचं नावसुद्धा निघणार नाही."

हैबतरावाने अस्वल तिच्याकडे अर्धवट पुढे केलं. मग हात मागे घेतला.

"तुला नाही जमणार," तो हळू आवाजात म्हणाला. "याचा आवाज मलाच काढता येतो."

"ठाऊक आहे मला," सगुणाबाई म्हणाली. "इतकी वर्षं ऐकतेय. मग उभे का? जा लवकर."

तो गेला.

माळावर सगळे गप्प उभे होते. हैबतराव आला तो अस्वल छातीशी धरून. कुणाच्या काही ध्यानात येईना. त्याने कुणाकडेही न पाहता टोपली वर ओढायला सांगितली, त्यात अस्वल ठेवलं, दोर पुन्हा सोडायला लावले. मग तो भेगेच्या कडेला पालथा पडला, पागोटं काढून बाजूला ठेवलं आणि तोंड आत घातलं.

आतून एक बारीक, घोगरा, रडवेला आवाज आला. "आई गं! किती खोल आहे हे! मला भीती वाटते!"

शिपायांनी एकमेकांकडे पाहिलं.

खाली बकुळीने एक डोळा उघडला. "कोण आहे?"

"मी अस्वल आहे. मला टोपलीत घालून खाली सोडलंय. खाली बघितलं की माझ्या पोटात गोळा येतो."

मग बकुळीचा आवाज आला, "खाली बघू नको मग."

"मग कुठे बघू?"

"माझ्याकडे बघ. मी इथे आहे."

टोपली कंगोऱ्याला टेकली. अस्वलाचं वाकड्या कानाचं डोकं टोपलीच्या काठावर आलं.

"तू इथे काय करतेस?" अस्वलाने विचारलं.

"मी पडले."

"मला धरशील का थोडंसं? माझे हात चिंध्यांचे आहेत. मला काहीच धरता येत नाही."

बकुळीने विचार केला. मुळावरचा एक हात तिने बोट बोट करून सोडला आणि अस्वलाच्या डोक्यावर ठेवला.

"टोचतंय," ती म्हणाली. "पण आत मऊ आहेस."

वर तुळसाने तोंडात पदर कोंबला. हैबतरावाच्या कपाळावरून घाम भेगेत ठिबकत होता.

"मला वर जायचंय," अस्वल म्हणालं. "पण एकट्याने नको. टोपली हलते. तू मांडीवर घेशील मला?"

"वर नको," बकुळी म्हणाली.

"का गं?"

"वर किल्लेदार आहे. तो ओरडतो."

माळावरच्या सगळ्यांनी खाली पाहिलं. हैबतरावाच्या खांद्यांवरून दिसत होतं की त्याने मोठा श्वास घेतला. मग तोच घोगरा आवाज आला, पण आता जरा संथ.

"तो आता ओरडणार नाही."

"कशावरून?"

"त्यानेच सांगितलंय मला. त्याला पण भीती वाटते."

"किल्लेदाराला?" बकुळीला हे नवीन होतं. "कशाची?"

"लोक हसतील याची."

बकुळीने डोकं थोडं वर उचललं. "हसू दे की," ती म्हणाली.

चार वर्षांच्या पोरीने दोन शब्दांत सांगून टाकलं होतं. हैबतरावाचा आवाज थोडा फाटला, पण अस्वलाचाच राहिला. "खरंय तुझं. मग चल. मला घट्ट धर, म्हणजे मी पडणार नाही."

"घाबरू नको हां," बकुळी म्हणाली. "मी आहे ना."

आणि तिने मूळ सोडलं. अस्वल पोटाशी धरून ती आधी एक गुडघा, मग दुसरा असं करत टोपलीत आली आणि खाली बसली.

"ओढा," हैबतराव पुटपुटला. "हळू. अगदी हळू."

जिवबाने आणि शिपायांनी दोर ओढले. कुणी घाई केली नाही. टोपली निम्म्यावर आली असेल, तोच खाली कंगोरा सुटला. माती आणि खडे कितीतरी वेळ खाली पडत राहिल्याचा आवाज आला. टोपली जरा झुलली. आतून बकुळीचा आवाज आला, "काही नाही झालं, काही नाही झालं." ती अस्वलाला सांगत होती.

मग तिचं धुळीने माखलेलं डोकं उजेडात आलं. तुळसाने तिला टोपलीतून उचललं आणि तिथेच गवतात बसली. तिला ना रडता येत होतं, ना बोलता. ती नुसती लेकीचे हात, पाय, पाठ, डोकं चाचपत राहिली, सगळं जागच्या जागी आहे ना बघत. दोर धरलेल्या शिपायांचे हात सोलून निघाले होते, पण तोंडावर असं हसू होतं की जणू त्यांच्याच घरचं कुणी परत आलं आहे. एक जण तर चक्क माळावर उताणा पडून आकाशाकडे बघत राहिला.

हैबतराव उठला. अंगरख्याला चिखल, डोक्यावर पागोटं नाही. आता सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या. आता हसतील, त्याला वाटलं. हसा बाबांनो. पोर वाचली, आता काय हसायचं ते हसा.

बकुळी आईच्या मांडीवरून त्याच्याकडे बघत होती. एवढ्या मिशा तिने इतक्या जवळून कधी पाहिल्या नव्हत्या. तिने अस्वल पुढे केलं. "हा बोलायचा थांबला," ती म्हणाली. "का?"

हैबतराव गुडघ्यांवर बसला. चोरून बोलायला आता भेगही नव्हती. त्याने अस्वलाला दोन बोटांत धरलं, मान जराशी हलवली, आणि सगळ्यांसमोर, भर उजेडात, घोगऱ्या बारीक आवाजात म्हणाला, "मी दमलो होतो गं."

बकुळी खुदकन हसली.

जिवबा हवालदार पुढे आला. अस्वल हातात घेऊन त्याने उलटंपालटं करून पाहिलं. पोटाची शिवण अंगठ्याने दाबून पाहिली. त्याची जीभ सगळ्यांना माहीत होती. सगळे वाट बघत होते.

"हे कुणी शिवलं, सरकार?"

"मी," हैबतराव म्हणाला.

"कान वाकडा बसलाय."

"माहीत आहे."

जिवबा घुटमळला. मग त्याने खालच्या आवाजात विचारलं, "आमच्या नातीला एक मिळेल का? वाकड्या कानाचं चालेल. तिला बिचारीला रात्री एकटं झोपवत नाही."

हैबतरावाच्या मिशा हलल्या. आधी जरा, मग जास्त, आणि मग तो किल्लेदार, ज्याच्यासमोर कुणी हसत नसे, स्वतःच हसायला लागला. सगळा माळ हसायला लागला. ते हसणं कुणाला खाली बघायला लावणारं नव्हतं. जीव भांड्यात पडल्यावर माणसं हसतात, तसं होतं ते.

बकुळी अस्वल द्यायला तयार नव्हती. ते तिचंच झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हैबतरावाने खोलीचं दार लावलं नाही. सगुणाबाईने पेटी ओसरीवर आणून ठेवली आणि संध्याकाळपर्यंत ती रिकामी झाली. मांजरासारखा वाघ सगळ्यात आधी गेला. पुढे ओसरीवर मुलं जमू लागली, मग त्यांच्या आया, मग सुटीवरचे एकदोन शिपाईही. त्यातल्या एकाने दाभणाने गाढव शिवलं. ते कुणालाच गाढव वाटेना, पण त्याला फार आवडलं. आयांची मात्र थोडी अडचण झाली. जेवताना मुलांना भीती घालायला आता किल्लेदार उपयोगाचा राहिला नव्हता.

त्याचा हुकूम कमी झाला का? झाला नाही. तो आता कमी वेळा ओरडायचा, म्हणून जेव्हा काही सांगायचा तेव्हा लोक कान देऊन ऐकायचे.

एके दिवशी मागच्या चोरदरवाजावरचा पहारेकरी, भैरू नावाचा, ओसरीशी येऊन उभा राहिला. हैबतराव कासवाच्या पाठीला टाके घालत होता. "काय रे?" त्याने विचारलं.

भैरू पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत म्हणाला, "सरकार, चोरदरवाजाची खालची बिजागरी तुटलीय. दार नुसतं टेकवलेलं असतं. बाहेरून चार माणसांनी खांदा लावला तर पडेल."

हैबतरावाची सुई थांबली. "कधीपासून?"

"पावसाळ्याच्याही आधीपासून. माझ्याच हातून ओंडक्याचा धक्का लागला होता."

"आणि आज सांगतोस?"

"आधी धीर होत नव्हता, सरकार. तुम्ही काय कराल या भीतीने रात्र रात्र झोप यायची नाही. दार धरून बसायचो." भैरूने वर पाहिलं. "पण जो माणूस पोरीसाठी सगळ्यांसमोर अस्वल होतो, त्याला खरं सांगता येईल असं वाटलं."

आपल्या आवाजाने गडाचं रक्षण होतं असं हैबतरावाला इतकी वर्षं वाटत होतं, आणि त्याच आवाजाच्या भीतीने गडाचं दार उघडं राहिलं होतं. त्याने कासव खाली ठेवलं. "लोहाराला बोलाव," तो म्हणाला. "आणि भैरू, तू आज घरी जाऊन झोप. पहाऱ्यावर दुसरा कुणी उभा राहील."

लोहाराने त्याच दिवशी नवी बिजागरी घातली, वर आडवा अडसर बसवला.

थंडीच्या सुरुवातीला लुटारूंची एक मोठी टोळी डोंगर चढून आली. चोरदरवाजा खिळखिळा आहे ही खबर त्यांना कुठूनतरी लागली होती. भल्या पहाटे धुक्याआडून त्यांनी दाराला खांदे लावले. दार हललं नाही. पुन्हा लावले. तोवर वरून शिंग वाजलं, शिपाई तटावर आले, दगड सुटू लागले आणि टोळी आल्या वाटेने पळत सुटली. ऊन वर आलं तेव्हा गडावरच्या बायका नेहमीसारख्या पाण्याला निघाल्या होत्या आणि चुलींचा धूर वर जात होता. कुणाच्या घरचं भांडंसुद्धा गेलं नव्हतं.

हैबतराव चोरदरवाजापाशी गेला. त्याने नव्या बिजागरीवर हात ठेवला, अडसर हलवून पाहिला. मग एवढा मोठा माणूस तिथेच पायरीवर बसला, काय होता होता टळलं याचा विचार करत. भैरू शेजारी येऊन उभा राहिला. हैबतरावाने त्याला हाताला धरून आपल्याच पायरीवर बसवलं. दोघे उन्हात बसून राहिले.

ज्या आनंदाने कुणाचं वाईट होत नाही त्याची लाज धरू नये. तो लपवायला माणूस कठोर होतो, आणि तो मोकळा केला की दुसऱ्यालाही खरं बोलायचा धीर येतो.